सवडीचा चाबुकस्वार

घोड्यास चाली शिकविणाऱ्या इसमास आपल्याकडे चाबुकस्वार म्हणत, आणि या शब्दाची घडण जरा निरखून पाहिली तर त्यात घोडा उघड कोठे दिसत नाही, चाबूक मात्र अग्रभागी आहे, हे ध्यानात येते. वस्तुतः पागेतील अडाणी मोतद्दारासही ठाऊक असते की भ्यालेला घोडा हुकूम मानतो, परंतु त्याची चाल खुलत नाही. तथापि शब्द रूढ झाला तो झालाच. ज्या गृहस्थांविषयी येथे लिहावयाचे आहे त्यांच्या हातीही एक छडी असे, परंतु ती बर्च झाडाची साधी डहाळी. आणि तपकिरी कोटाच्या मागील शेपटात शिवलेल्या खिशात साखरेचे खडे असत.

आलोइस पोधाइस्की यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८९८ रोजी, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलाखाली असलेल्या मोस्तार या बोस्निया-हर्झेगोव्हिनातील नगरात झाला. पहिल्या महायुद्धात ते घोडदळात होते. युद्ध संपले तेव्हा ज्या साम्राज्याची चाकरी पत्करली तेच नामशेष झालेले, आणि विशीतल्या या अधिकाऱ्यापाशी खात्रीची अशी एकच मिळकत उरली होती, ती म्हणजे घोड्यावरील पक्की मांड. पुढे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अश्वशिक्षणाच्या स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळविले, ते ज्याच्या पाठीवर बसून मिळविले तो नीरो हा घोडा शर्यतीच्या मैदानाने कुचकामी म्हणून निकालात काढलेला होता. जातिवंत जनावर हाती आले म्हणजे शिक्षकाचे नाव होतेच. टाकलेल्या घोड्यास घडविणाऱ्याची गोष्ट निराळी.

मात्र पोधाइस्कींचे नाव जिच्याशी कायमचे जोडले गेले ती संस्था म्हणजे व्हिएन्नाची ‘स्पॅनिश’ अश्वशाळा. शाळा ऑस्ट्रियाची, ‘स्पॅनिश’ हे विशेषण तिच्या घोड्यांच्या पूर्वजांमुळे लागले. १५८० साली आर्चड्यूक कार्ल याने लिपित्सा या गावी, जे आज स्लोव्हेनियात आहे, घोड्यांची पैदास सुरू केली आणि त्या गावावरून या वाणास लिपित्सानर हे नाव मिळाले. १७३५ साली पूर्ण झालेल्या हिवाळी अश्वशाळेच्या शुभ्र दालनात झुंबरांखाली सम्राट सहाव्या कार्लचे चित्र टांगलेले आहे, आणि प्रत्येक स्वार आत शिरताच टोपी काढून त्या चित्रास मुजरा करतो. राज्ये गेली, मुजरा राहिला.

तेथील शिक्षणाचा क्रम मोठा विलक्षण आहे. नवा उमेदवार प्रथम लगामाविना आणि रिकिबीविना घोड्यावर बसविला जातो, आणि तो घोडा लांब दोरावर गोल फिरविला जातो, ज्यास आपले लोक कावा देणे म्हणत. असे दिवसच्या दिवस चालते, आणि घोडा असतो तो मुद्दाम निवडलेला जुना, मुरलेला. कारण शिरस्ता असा की वृद्ध घोड्याने तरुण स्वारास शिकवावे आणि मग मुरलेल्या स्वाराने कोवळ्या घोड्यास. घोड्याचे शिक्षण त्याच्या चौथ्या वर्षाच्या सुमारास सुरू होते. पहिले वर्ष नुसते सरळ, मोकळ्या अंगाने चालण्याचे. पुढे वळणे, दुडकीचा तोल, एका जागी तालात पाय उचलणे. आणि ज्यांच्या अंगी ते सामर्थ्य आढळेल अशा मोजक्यांनाच उड्डाणे. मागचे पाय खोल दुमडून, सारा भार पुठ्ठ्यांवर तोलून पुतळ्यासारखे स्तब्ध राहावयाचे ती लेव्हाद. आणि चारी पाय जमिनीपासून सुटले असता नेमक्या सर्वोच्च क्षणी मागचे पाय झाडावयाचे ती काप्रिओल. हे सारे अंगी बाणण्यास सहा वर्षे सहज लागतात, आणि त्यांतला एखादा महिना घाईने उरकला तर त्याची वसुली पुढे घोड्याच्या सांध्यांतून होते.

१९३३ साली, वयाच्या पस्तिशीत, पोधाइस्की या शाळेत शिकावयास आले, आणि तेथून त्यांनी जे सूत्र उचलले ते इतके साधे की प्रथम ऐकणाऱ्यास त्यात काही विशेष वाटू नये: घोडा अडला तर स्वाराने मनाशी म्हणावे की मला सवड आहे. आपल्या घोड्यांविषयी त्यांनी पुढे जो ग्रंथ लिहिला त्याच्या नावातच घोड्यांना गुरू म्हटले आहे, आणि ते उपचारापुरते नाही; घोडा चुकला की शोध आधी स्वाराच्या चुकीचा घ्यावयाचा, ही त्यांची रीत होती.

दैवदुर्विलास असा की ज्याला सवड हवी त्याच्या वाट्यास अतिशय घाईचा काळ आला. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, शाळा लष्कराच्या ताब्यात गेली, आणि १९३९ मध्ये पोधाइस्की त्याच लष्कराचे अधिकारी म्हणून तिचे प्रमुख झाले. यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पुढे १९४२ मध्ये घोड्या आणि शिंगरे बोहेमियातील होस्टाऊ येथे हलविण्यात आली. १९४५ च्या मार्चमध्ये, व्हिएन्नावर बाँब पडत असता, मोठ्या मिनतवारीने परवानगी मिळवून पोधाइस्कींनी शिक्षित घोडे आगगाडीने पश्चिमेकडे सांक्ट मार्टिन या गावी नेले.

७ मे १९४५ रोजी, ज्या दिवशी पहाटे रीम्स येथे जर्मनीच्या शरणागतीवर सह्या झाल्या त्याच दिवशी, अमेरिकेचे सेनापती पॅटन त्या गावी आले. पॅटन हे स्वतः अश्वारोही. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये आधुनिक पंचक्रीडेत, जिच्यात तेव्हा घोडेस्वारीही असे, ते पाचवे आले होते. त्यांच्यापुढे घोड्यांचा खेळ झाला, आणि शेवटी पोधाइस्कींनी घोडा पुढे घेऊन, टोपी काढून, या कलेस अमेरिकी लष्कराचे संरक्षण मिळावे अशी विनंती केली. ती मान्य झाली. परंतु पॅटन यांच्या टिपणांत या प्रसंगाचे वर्णन काहीसे खट्याळ आहे: जग जळत असता धडधाकट माणसे घोड्यांना पुठ्ठे हलविण्यास शिकवीत बसली याचे त्यांना नवल वाटले, मात्र कोणतीही कला, मग ती कितीही वेडगळ असो, परिपूर्णतेस पोहोचली की तिचा नाश होणे बरे नव्हे, असा काहीसा कबुलीजबाबही त्यांनी लागलीच दिला. मला तर भक्तिभावाने दिलेल्या अभयापेक्षा हे कुरकुरत दिलेले अभय अधिक खरे वाटते.

या एका खेळानेच होस्टाऊच्या घोड्या वाचल्या, अशी आख्यायिका आहे, आणि १९६३ च्या डिस्नेच्या चित्रपटाने तिला आणखी बळ दिले. परंतु कर्नल रीड यांच्या अमेरिकी तुकडीने होस्टाऊ ताब्यात घेतले ते २८ एप्रिल रोजी, म्हणजे खेळाच्या आधीच. घोड्या हाती आल्या होत्या. त्या ऑस्ट्रियाच्या शाळेच्या स्वाधीन व्हाव्यात एवढ्यासाठी शब्द टाकावयाचा होता, आणि तो पोधाइस्कींनी टाकला. मे महिन्यात घोड्यांचे ते कळप सरहद्दीपलीकडे बव्हेरियात उतरविले गेले आणि तेथून मायदेशी आले.

त्यानंतर शाळा दहा वर्षे वेल्स येथे तात्पुरत्या बिऱ्हाडात राहिली. परदेशचे दौरे झाले, पोधाइस्की कीर्तिमान झाले, साठोत्तरी वयात प्रमुखपदावरून निवृत्त झाले, आणि २३ मे १९७३ रोजी व्हिएन्नात वारले.

लिपित्सानराचे शिंगरू जन्मतः काळे किंवा काळपट तांबडे असते. अंग पांढरे होण्यास त्याला सहा ते दहा वर्षे लागतात. १९५५ साली व्हिएन्नाच्या त्या दालनाची दारे शाळेसाठी पुन्हा उघडली तेव्हा, होस्टाऊच्या कुरणात त्या अखेरच्या वसंतात जन्मलेले एखादे काळे शिंगरू दहा वर्षांचे, शुभ्र आणि पुरे शिकलेले झाले असणार.