धोरण आणि नोंद : दोन पदव्यांचा एकत्र अभ्यास

परीक्षांचे निकाल लागले की आमच्या संस्थेच्या अभ्यासिकेत मार्गदर्शनासाठी पालक आणि विद्यार्थी येऊ लागतात. परळ, लालबाग, नायगाव, दादर, तसेच गिरगावातूनही मुले येतात. बहुतेकांची विचारणा इंजिनिअरिंग, बँक आणि स्पर्धा परीक्षा यांबद्दलच असते. अलीकडे मात्र एक नवा प्रश्न वरचेवर ऐकू येतो : "एकाच वेळी दोन पदव्या घेता येतात म्हणे. मग कोणत्या घ्याव्यात?" या प्रश्नाचे एक उत्तर आम्ही प्रस्तुत लेखात देत आहोत. सार्वजनिक धोरण आणि माहिती व्यवस्थापन या दोन विषयांची सांगड आपल्या मुलामुलींनी घालावी, असे आम्हाला वाटते. त्याची कारणे आपल्याच विभागाच्या इतिहासात आहेत.

प्रथम हे दोन विषय कोणते ते पाहू. एखादा प्रश्न सोडवण्यासाठी शासनाने काय करावे, कोणासाठी करावे, पैसा किती व कोठून आणावा आणि परिणाम कसा मोजावा, याचा अभ्यास म्हणजे सार्वजनिक धोरण. त्यात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा, अंदाजपत्रक आणि संख्याशास्त्र येते. माहिती व्यवस्थापन म्हणजे माहिती गोळा करणे, तिचे वर्गीकरण करणे, ती जपणे आणि हवी तेव्हा हव्या त्या माणसाच्या हाती देणे. ग्रंथालयशास्त्र हे या विषयाचे जुने घर होय. संगणक आल्यावर त्यात डेटाबेस, माहितीची सुरक्षितता आणि माहितीचे विश्लेषण यांची भर पडली.

आता ही दोन शास्त्रे एकत्र का शिकावीत, ते पाहू. धोरण शेवटी नोंदीवर उभे राहते. नोंद चुकली की चांगल्या हेतूने केलेले धोरणही गरिबाच्या ताटातला घास काढून घेऊ शकते.

गिरणगावाचेच उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून मुंबईच्या गिरणी कामगारांचा महागाई भत्ता राहणीमान खर्चाच्या निर्देशांकाशी जोडलेला होता. धान्य, कापड, भाडे, रॉकेल यांच्या किमती टिपून दरमहा एक आकडा निघे आणि त्यावर लाखो घरांचा पगार ठरे. हा आकडा खऱ्या महागाईपेक्षा कमी दाखवला जातो, अशी तक्रार साठच्या दशकाच्या सुरुवातीला कामगार संघटनांनी लावून धरली. १९६३ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीला निर्देशांकात उणिवा आढळल्या आणि कामगारांची तक्रार निराधार नव्हती हे सिद्ध झाले. महागाई भत्त्याचे धोरण योग्य होते. दोष होता किमती टिपण्याच्या आणि जोडण्याच्या पद्धतीत. तो शोधण्यासाठी कामगारांचा प्रश्न आणि आकड्यांची रीत या दोन्हींची जाण असणारी माणसे लागली.

दुसरे उदाहरण आपल्या समाजाचे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींची गणना धर्माशी बांधलेली होती. १९५६ मध्ये लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या दृष्टीने ते त्या यादीबाहेर गेले. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या, परंतु केंद्राची दारे बंद राहिली. १९९० मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि बौद्धांचा त्या यादीत समावेश झाला. १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते, ते १९९१ मध्ये सुमारे ११ टक्क्यांवर गेले. या वाढीचे मुख्य कारण ही दुरुस्तीच होय. लोक त्याच वस्त्यांत राहत होते, फक्त ते आता योग्य रकान्यात मोजले गेले. राखीव मतदारसंघ, वसतिगृहे आणि निधीची तरतूद या सर्वांचा हिशेब अशा टक्केवारीवर होतो. तेव्हा अर्जातील एका रकान्याला किती वजन असते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आजही आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांच्या शाळेच्या दाखल्यात एक नोंद असते आणि वडिलांच्या दाखल्यात दुसरी. मग ऐन प्रवेशाच्या वेळी घरच्यांची धावपळ होते.

तिसरे उदाहरण तर घरोघरी परिचयाचे आहे. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या आणि कामगारांसाठी घरांची योजना झाली. म्हाडाची गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र, असा नियम. पण ते सिद्ध कसे करायचे? कोणी तिकीट क्रमांकाचा कागद शोधला, कोणी भविष्यनिर्वाह निधीची पावती, तर कोणी ट्रंकेच्या तळाशी राहिलेले ओळखपत्र. ज्या घराने कागद जपला त्याचे काम सुकर झाले. गिरण्यांचे दप्तर वेळीच नीट लावून ठेवले गेले असते तर म्हाताऱ्या माणसांचे हेलपाटे पुष्कळ वाचले असते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख वर्गवारी व सूची करून ठेवण्याचे बंधन घातले आहे. हे काम जाणणाऱ्या माणसांची म्हणूनच गरज आहे.

आता शिक्षणाच्या सोयींकडे वळू. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात सार्वजनिक धोरण आणि माहितीशास्त्र या दोन पदव्युत्तर पदव्या जोडीने घेता येतात. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात माहिती प्रणाली आणि सार्वजनिक धोरण यांचे मिळून एकच महाविद्यालय आहे. अशा जोडपदवीत काही विषय दोन्हीकडे धरले जात असल्याने एकूण काळ वाचतो. परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती या योजना आहेत. त्यांच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात काळजीपूर्वक वाचावी.

आपल्याकडे तयार जोडपदवी शोधत बसण्यापेक्षा जोडी स्वतः जमवावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास मुभा दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातले असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक वर्गातला आणि दुसरा दूरशिक्षणाचा किंवा ऑनलाइन, अथवा दोन्ही दूरशिक्षणाचे, असेही चालते. पीएच.डी.ला ही सवलत लागू नाही.

मुंबईत धोरणाच्या शिक्षणासाठी कालिन्याला मुंबई विद्यापीठाचे मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी आहे आणि पवईला आयआयटीचे धोरण अभ्यास केंद्र आहे. माहितीच्या बाजूने मुंबई विद्यापीठाचा ग्रंथालय व माहितीशास्त्र विभाग आहे, तर मुलींसाठी चर्चगेटला एसएनडीटी विद्यापीठाचे ग्रंथालयशास्त्राचे विद्यालय आहे. नोकरी करणाऱ्यांना इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून लोकप्रशासन आणि ग्रंथालय व माहितीशास्त्र या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेता येते.

प्रवेशापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. आपल्या विद्यापीठाने दोन अभ्यासक्रमांची मुभा स्वीकारली आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. शिष्यवृत्ती कोणत्या अभ्यासक्रमाला मिळेल याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. दोन्हीकडच्या परीक्षांची वेळापत्रके शेजारी ठेवून पाहावीत. घरची जबाबदारी मोठी असेल तर एक पदवी पूर्ण करून दुसरी घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

दोन अभ्यास एकत्र पेलतात का, अशी शंका ज्यांना येते त्यांनी परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिलेल्या बाबासाहेबांचे स्मरण करावे. १९१६ मध्ये लंडनला पोहोचल्यावर त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा असे दोन्ही अभ्यास एकाच वेळी सुरू केले. पैशाअभावी मध्येच परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि दोन्ही अभ्यास तडीस नेले. पुढे दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. अर्थशास्त्र, कायदा आणि सुव्यवस्थित ग्रंथसंग्रह यांच्या बळावरच त्यांनी शासनापुढे आकड्यांनिशी आपली बाजू मांडली.

विद्यार्थी मित्रहो, आपल्याविषयीचे निर्णय होतात त्या टेबलाशी आपली माणसे बसली पाहिजेत, आणि त्या निर्णयामागचा आकडा कोठून आला हे विचारण्याची पात्रता त्यांच्यात असली पाहिजे. पालकांना आमची विनंती आहे की घरातील दाखले, पावत्या, ओळखपत्रे यांची एक यादी आजच करून ठेवावी. मुलामुलींना माहिती व्यवस्थापनाचा पहिला धडा तेथूनच मिळेल. अधिक चौकशीसाठी अभ्यासिकेत जरूर यावे.

जय भीम!