धूळ शोषणारे यंत्र
कल्याणकडून येणारा मार्ग मुंब्रा-पनवेल रस्त्यास जेथे मिळतो, त्या शीळफाट्यावर अवजड मालमोटारींनी उडविलेली धूळ आसपासच्या सदनिकांत अहोरात्र बिनपरवाना दाखल होत असल्यामुळे, व्हॅक्यूम क्लीनर ही तेथे निव्वळ चैन म्हणता येणार नाही. १९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने धूळ फुंकण्याऐवजी शोषण्याची जी युक्ती योजिली, तीच अद्याप कायम आहे: पंखा यंत्रातील हवेचा दाब उतरवितो आणि बाहेरची हवा धुळीसकट आत धावते. खोक्यावरील वॅटचा आकडा हा विजेच्या खर्चाचा दाखला होय, शोषणशक्तीचा नव्हे. लाद्यांना साधे रुंद तोंड पुरते. गालिच्याच्या तंतूंत रुतलेले कण मात्र फिरत्या कुंचल्यावाचून सहसा हलत नाहीत. घरात एखादीच सतरंजी असेल, तर त्या कुंचल्यापायी जादा रक्कम मोजणे मला नामंजूर आहे. ती चांगल्या, धुता येणाऱ्या गाळणीवर खर्चावी.