एका गटाराला एकच नाव



ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून रेखाटलेला नकाशा आहे. टांझानियातील दार-एस-सलाम शहरात पावसाळ्यात सखल वस्त्या बुडतात. तेथे २०१५ पासून ‘रमानी हुरिया’, म्हणजे स्वाहिलीत ‘खुला नकाशा’, या उपक्रमात विद्यार्थी व रहिवाशांनी पायी फिरून गटारे या नकाशावर नोंदवली.

अशा सेवेत एका गोष्टीला सर्वांनी एकच टॅग, म्हणजे ओळखीचा शब्द, द्यावा लागतो. पावसाचे पाणी नेणारे बांधीव गटार ‘ड्रेन’, रस्त्याकडेचा साधा चर ‘डिच’. गटार रस्त्याखालून जाते त्या तुकड्याला ‘ड्रेन’सोबत ‘कल्व्हर्ट’, म्हणजे मोरी, हाही टॅग द्यायचा. रेघ पाणी वाहते त्याच दिशेने ओढायची.

मोरीला कोणी मनाने दुसराच शब्द दिला, तर संगणकाला गटार तिथेच तुटलेले दिसते. मग पाणी कोणाच्या घरात शिरेल, हा अंदाज चुकतो. म्हणून मी तरुण स्वयंसेवकांना सांगते, आधी ठरलेली यादी पाहा. शंका आली तर रहिवाशांना विचारा. त्या एका शब्दावर कोणाचे तरी घर अवलंबून असते.