विज्ञान रोजचं : बॅटरीत जास्त ऊर्जा कशी मावेल?

मुरबाडहून माळशेज किंवा शहापूरहून कसारा घाट चढताना इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग भराभर उतरतं, कारण चढाला ऊर्जा जास्त लागते. मग बॅटरीत ती जास्त कशी साठवायची?

चार्जिंग होताना लिथियमचे कण ग्राफाइटच्या (म्हणजे कार्बनच्या) थरांत जाऊन बसतात, गाडी चालताना परततात. एसटीच्या आसनांसारख्या तिथल्या जागा ठरलेल्या : कार्बनच्या ६ अणूंमागे १ लिथियम. ग्राफाइटऐवजी सिलिकॉन घेतलं, तर त्याचा एकच अणू जवळपास ४ लिथियम सामावतो! पण तेव्हा सिलिकॉन फुगून जवळपास चौपट होतं आणि पुन्हा आकसताना तडकतं. म्हणून सध्या ते ग्राफाइटमध्ये थोडंच मिसळतात.

दुसरी वाट घन-अवस्था बॅटरीची. तिच्यात नेहमीच्या बॅटरीतल्या पेट घेऊ शकणाऱ्या द्रवाऐवजी घन पदार्थ असतो. ग्राफाइटच्या जागी लिथियमचाच पातळ थर वापरता आला, तर तेवढ्याच वजनात गाडी लांबचा पल्ला गाठेल. चार्जिंगची सोय दूर असलेल्या गावांना या संशोधनाचा खरा आधार होईल.