बिरड्याचा सण आणि नातीचा सेमिनार



आमची नात विद्यापीठात इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी तिने विषय आपल्याच लोकांचा निवडला. 1962 ते 1964 या काळात बेने इस्राएलांच्या लग्नांवरून रब्बानूतशी जो झगडा झाला, तो. आम्हांला फार आनंद झाला. पण पहिला मसुदा शिक्षकांनी परत पाठवला. सगळे संदर्भ इंटरनेटवरच्या दोन लेखांचे, आणि तेही एकावरून दुसरा उतरवलेला! समासात शिक्षकांनी एवढेच लिहिले होते, "त्या वेळची माणसे कुठे आहेत?"

पोरगी आमच्याकडे आली. "आजी, तूच सांग ना काय झालं ते." आम्ही सांगू लागलो आणि मधेच थांबलो. आम्ही आलिया केली 1969 साली. संप झाला तेव्हा आम्ही अलिबागला शाळेत होतो. जे ठाऊक ते सासूबाईंच्या तोंडून ऐकलेले. परिचारिकेची नोकरी करताना पहिल्याच आठवड्यात शिकवतात की स्वतः पाहिलेले वेगळे लिहा, दुसऱ्याने सांगितलेले वेगळे लिहा, आणि वर तारीख-वेळ टाका. म्हटलं, चल, आधी कागद बघू या.

येरुशलाईमचे राष्ट्रीय ग्रंथालय आता नव्या इमारतीत आहे, क्नेसेतच्या शेजारी. ऑक्टोबर 2023 मध्ये ते उघडले. जुनी पुस्तके जमिनीखालच्या कोठारात असतात आणि यंत्रे ती उचलून आणतात. आपण मात्र आधी घरून मागणी नोंदवून जावे, नाहीतर आमच्यासारखी अर्धी सकाळ बाकावर जाते. असली पुस्तके वाचनकक्षातच बसून वाचायची, घरी मिळत नाहीत. स्वेटर न्यावा, आत गार असते.

पहिली फजिती शोधातच झाली. नातीने हिब्रूत आपल्या जमातीचे नाव टाइप केले. आता हिब्रूत त्या दोन शब्दांचा अर्थ काय? इस्राएलची लेकरे, म्हणजे सगळेच! तोरापासून आजपर्यंतची पुस्तके पडद्यावर आली आणि त्यांत आपण कुठे दिसेना. टेबलावरच्या बाईंनी मग समजावले. "होदूचे यहुदी" असा विषय घ्या, वर्षे बांधून द्या आणि इंग्रजीत वेगळे शोधा. इंग्रजीतही एक भानगड आहे. 1883 च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात आपल्याला "बेनी" लिहिले आहे, नंतरच्या पुस्तकांत "बेने". एकच स्पेलिंग धरून बसणाऱ्याला अर्धे सापडत नाही. माणसांच्या नावांचेही तेच. मुंबईची पहिली सिनेगॉग 1796 साली बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडचे सामाजी हसाजी दिवेकर, हे एकच गृहस्थ. आपल्याला हे सांगावे लागत नाही, पण यंत्राला आणि नातीला सांगावे लागले.

दुसरी गोष्ट त्या बाईंनी सांगितली ती आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला सांगू: पुस्तक मागून उघडा. शर्ली आयझेनबर्ग यांचे बेने इस्राएलांवरचे 1988 चे मोठे इंग्रजी पुस्तक आहे. त्याच्या शेवटी कोणत्या विषयावर कुठे काय छापले गेले याची यादी आहे. त्या यादीवरून नातीने एका दुपारी जे जमवले ते आधीच्या महिन्यात जमले नव्हते.

मग किहीमकरांचे पुस्तक काढले. हायम शमुएल किहीमकरांचा इतिहास आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकून माहीत करून घेतला आहे, वाचला थोड्यांनी. नातीने टिपून घेतले, "तेल अवीव, 1937." आम्ही म्हटलं, थांब, प्रस्तावना वाच. लिहून झाले ते 1897 मध्ये, छापले गेले चाळीस वर्षांनी. तेव्हा त्यातले "आज" म्हणजे 1937 चे आज नव्हे. ही चूक तिने खोडली नसती तर सारा दुसरा भाग उलटा बसला असता.

आणि त्याच पुस्तकात तिला पक्ष्यांचा सण सापडला! आपल्या जुन्या सणांची नावे तिथे रोमन अक्षरांत दिली आहेत. "बिरडियाचा सण" हे नाव तिने वाचले आणि "बर्ड" म्हणजे पक्षी असे समजून वहीत चक्क तसे लिहिले. आम्ही वाचनकक्षात मोठ्याने हसलो आणि शेजारच्या गृहस्थांनी डोळे वटारले. अगं, बिरडे! वालाचे बिरडे. तिशा बे-आवचा दिवस तो. दारफाळणीचा सण म्हणजे किप्पूर, नव्याचा सण म्हणजे रोश हशाना. एकेक शब्द सांगत बसलो तेव्हा लक्षात आले की इतक्या मोठ्या ग्रंथालयात त्या घटकेला हे शब्द वाचता येणारे बहुधा आम्हीच होतो. मनात कसेसेच झाले. 1874 ची पुण्याची हागादाही पाहिली, हिब्रू आणि मराठी अशी. मात्सा करणाऱ्या बायकांचे चित्र पाहून नात म्हणाली, "आजी, ही तर आपली!" पण चित्राखालची मराठी तिला मुकी.

वर्तमानपत्रांचे काम घरूनच झाले. ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रे संगणकावर चढवली आहेत, 'दावार' आणि 'मआरीव्ह' त्यांत आहेत. शब्द टाकला की त्या दिवसाचे पान उघडते. काही साहित्य मात्र ग्रंथालयातल्या संगणकावरच दिसते, त्यासाठी पुन्हा जावे लागले. शिवाय एका कात्रणाची तारीख लिहून घ्यायची राहिली, म्हणून आणखी एक खेप. बसचे भाडे आमचे वाया गेले, चूकही आमचीच.

इथे घरात थोडे वाजले. सासूबाई नेहमी सांगत की सोखनूतपाशी आपली माणसे बसली, क्नेसेतने ठराव केला आणि त्याच दिवशी रब्बींनी हुकूम मागे घेतला. आम्हीही मुलांना हेच सांगत आलो. कागद वेगळे सांगत होते. क्नेसेतची खास बैठक 17 ऑगस्ट 1964 ची. रब्बानूतने बदल केला तो महिनाअखेरीस. आणि हुकूम सगळा गेला नाही. त्यातले आपल्या जमातीचे नाव तेवढे काढले, ज्याच्याविषयी शंका असेल त्याची चौकशी ही अट राहिली. नात म्हणाली, "पणजी चुकली." आम्हांला ते लागले. ज्या बाईने लेकरे शेजारणीकडे ठेवून तिथे रात्री काढल्या तिला चुकली म्हणायचे? दोन दिवस आम्ही त्या विषयावर बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही पत्र्याचा डबा काढला. सासूबाईंची बहीण 1971 साली मुंबईहून आली तेव्हा तिने आणलेला. त्यात सासूबाईंनी संपाच्या जागेवरून तिला लिहिलेले पत्र आहे, मराठीत, पेन्सिलीने. वर तारीख आहे, क्नेसेतच्या बैठकीनंतर आठवडाभराची. त्यात लिहिले आहे की सरकारने मान्य केले, पण रब्बींचे अजून काही नाही, म्हणून आम्ही उठत नाही. म्हणजे तेव्हा त्यांना सगळे ठाऊक होते! पुढे वीस-तीस वर्षे सांगता सांगता दोन दिवसांचा एक दिवस झाला, एवढेच. नातीने ते पत्र हातात घेऊन विचारले, "हे तू आधी का नाही दाखवलंस?" काय सांगणार. आम्हांला ते घरचे पत्र वाटत होते, इतिहासाचा कागद वाटला नव्हता.

भाषांतर करायला तीन संध्याकाळी लागल्या. एका ओळीवर अडलो: "इथले हाल काय लिहू." हाल म्हणजे हकीगत की हाल म्हणजे कष्ट? नातीला हिब्रूत एकच शब्द हवा होता. आम्ही दोन्ही लिहायला लावले आणि खाली टीप द्यायला लावली. शिक्षकांनी त्याच टिपेपाशी बरोबरची खूण केली आहे. मूळ पत्राचे स्कॅन आता त्या सेमिनारला जोडले आहे. पत्र डब्यातच आहे, पण प्लॅस्टिकच्या नव्हे, कागदाच्या पाकिटात.

पत्राच्या शेवटी सासूबाई लिहितात की रात्री गार वारा सुटतो आणि एक बाई सगळ्यांना चहा आणून देते. नाव लिहिलेले नाही. आपल्यापैकी कोणी 1964 साली तिथे बसले असेल, किंवा कोणाच्या घरी त्या दिवसांचे पत्र, फोटो, वर्गणीची पावती असे काही असेल तर बुलेटिनच्या पत्त्यावर कळवावे. नात जूनअखेर सुधारलेली प्रत देणार आहे, आणि चहा देणारी ती बाई कोण होती हे तिला अजून हवे आहे.