गाठ एकीकडे, धोका दुसरीकडे

स्तनातली गाठ जिवावर बेतते ती बहुतेक वेळा स्तनात असताना नव्हे, तर तिथून निसटलेल्या पेशी फुप्फुसात, हाडांत, यकृतात किंवा मेंदूत ठाण मांडतात तेव्हा. या निसटण्यात मायक्रोआरएनए या इवल्या रेणूंचा मोठा हात असतो.

त्यांची लांबी जेमतेम २२ अक्षरांची. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. जनुकाचा निरोप नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला ते शेपटाकडे चिकटतात. मग निरोप वाचला जात नाही किंवा नष्ट होतो. जुळायला सहा-सात अक्षरे पुरतात, म्हणून एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना आवरू शकतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये असा पहिला रेणू दाखवला, तोही मिलिमीटरभर जंतात. नोबेल मिळायला २०२४ उजाडले.

स्तनाच्या कर्करोगात लक्ष वेधले ते मायक्रोआरएनए-१०बीने. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये त्याची साखळी उलगडली. ट्विस्ट हे प्रथिन १०बी वाढवते. १०बी हॉक्सडी१० या जनुकाला दाबतो. हॉक्सडी१० म्हणजे ब्रेक. तो सुटला की आरएचओसी हे प्रथिन वाढते आणि पेशी आजूबाजूच्या ऊतींत घुसू लागते. २०१० मध्ये याच संशोधकांनी उंदरांना १०बी निकामी करणारा रेणू टोचला. मूळ गाठ लहान झाली नाही, पण फुप्फुसातला फैलाव घटला. नुसती गाठ मोजणाऱ्याने हा उपाय नापास केला असता!

मग वाईट रेणू दाबा, चांगले वाढवा, झाले? इतके सरळ नाही. मायक्रोआरएनए-२०० हे कुटुंब झेब१ आणि झेब२ या जनुकांना दाबते. त्यामुळे पेशींना एकमेकींशी बांधणारे ई-कॅडहेरिन टिकते आणि पेशी जागेवर राहतात. चांगलेच म्हणायचे. पण उंदरांवरच्या प्रयोगांत हेच कुटुंब, पेशी एकदा दूरच्या अवयवात पोचल्या की, तिथे नवी गाठ धरायला मदत करताना दिसले. वस्ती करायची तर पेशींना पुन्हा एकमेकींना चिकटावे लागते. शिवाय हे रेणू सेक२३ए या जनुकाला दाबून, फैलाव रोखणाऱ्या काही प्रथिनांचा स्रावही कमी करतात.

म्हणजे २००-कुटुंब वाढवणारे औषध द्यायचे, तर त्या रुग्णाच्या पेशी आधीच बाहेर पडून कुठे दडल्या आहेत का, हे आधी कळायला हवे.