साफ केल्याने दात हलत नाहीत

दंतवैद्याच्या खुर्चीत पन्नाशीच्या बाई बसल्या आहेत. छोटा आरसा जिभेपाशी सरकवला, की खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू दिसते. सहाही दातांवर पिवळट-तपकिरी, खरखरीत थर सलग चढलेला आहे, दोन दातांमधल्या फटीसुद्धा त्याने बुजल्या आहेत. हे कीटण. डॉक्टर म्हणतात, ‘‘दात साफ करून घ्या.’’ त्यावर बाईंचे उत्तर तयार असते, ‘‘नको हो डॉक्टर. आमच्या जाऊबाईंनी साफ करून घेतले आणि सगळे दात हलायला लागले.’’

जाऊबाई खोटे सांगत नाहीत. त्यांचे दात हललेच. पण ते सैल व्हायला सुरुवात झाली होती कितीतरी वर्षे आधी.

दातांवर जंतूंचा मऊ, चिकट थर रोज बसतो. ब्रश त्या जागी पोहोचला नाही तर लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरते आणि काही दिवसांतच तो टणक होतो. लाळेच्या नळ्या जिथे तोंडात उघडतात, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या अंगाला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या अंगाला, तिथे कीटण सर्वांत जास्त साचते. एकदा टणक झाल्यावर ते ब्रशने निघत नाही, मिठाने नाही आणि राखुंडीनेही नाही. त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर नव्या जंतूंना आयता आसरा मिळतो. हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि तिच्याखालचे हाड हळूहळू झिजू लागते. कुंपणाच्या खांबाभोवतीची माती वाहून जावी, तसा दाताचा आधार जात राहतो. एवढे होऊनही बहुतेकांना काही दुखत नाही, आणि घात होतो तो इथेच. शेजारच्या दातांना कीटणाने एकत्र जखडलेले असल्यामुळे सैल झालेला दातही पक्का वाटतो. कीटण निघाले, की दात मुळात किती सैल झाला होता ते कळते. दोष मात्र दात साफ करणाऱ्या यंत्राच्या माथी बसतो.

त्या यंत्राचे टोक सेकंदाला 25 हजारांहून अधिक वेळा थरथरते आणि त्यावर पाण्याचा फवारा सुरू असतो. या कंपनाने कीटणाचे तुकडे सुटून पडतात. ‘यंत्राने दाताचे वरचे आवरण खरवडून निघते’ ही दुसरी भीती. दाताचे वरचे आवरण, म्हणजे इनॅमल, हा मानवी शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा 95 टक्क्यांहून अधिक भाग खनिजाचा असतो. प्रशिक्षित हातांनी नीट केलेल्या स्केलिंगमध्ये, म्हणजे या सफाईत, ते असे निघून येत नाही. साफसफाईनंतर जिभेला दातांत फटी लागतात, कारण तिथे बसलेले कीटण गेलेले असते आणि सूज उतरलेली हिरडी आक्रसते. उघड्या पडलेल्या मुळांना काही दिवस गार पाणी झोंबते. हे आधी नीट समजावून सांगितले तर माणसे घाबरत नाहीत. पण गर्दीच्या दवाखान्यात तेवढी दोन मिनिटे कोणी देत नाही, आणि मग जाऊबाईंचा किस्सा गावभर होतो.

उलट टोकाचा समजही तपासायला हवा. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाने स्केलिंग करायलाच हवे, असे नाही. ज्यांच्या हिरड्या मुळात निरोगी आहेत आणि जे तपासणीला नियमित जातात, त्यांच्यात ठरावीक मुदतीने केलेल्या सफाईमुळे दोन-तीन वर्षांत फारसा फरक पडत नाही, असा निष्कर्ष 2018 साली कोक्रेन या संस्थेच्या संशोधन-आढाव्यात निघाला. ज्यांना हिरड्यांचा आजार आहे, जे तंबाखू खातात किंवा ज्यांना मधुमेह आहे, त्यांचे गणित अगदी वेगळे आहे. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. हे दुहेरी नाते मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हवे.

ब्रश करताना रक्त आले, की त्या भागाला ब्रश लावणे बंद करायचे, हा घरोघरचा शिरस्ता. 1965 साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे पूर्ण थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे हिरडीतून येणारे रक्त बहुतेक वेळा सांगत असते, की इथे ब्रश पोहोचत नाही. तिथे मऊ ब्रश हलक्या हाताने, हिरडीच्या कडेला धरून फिरवायचा. दोन आठवडे असे करूनही रक्त थांबले नाही, तर दवाखाना गाठायचा. जोर लावून घासणाऱ्यांचे दात जास्त स्वच्छ होत नाहीत. त्यांच्या हिरड्या मागे सरकतात आणि दाताच्या मानेशी खाचा पडतात.

मुलांच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारा गैरसमज एका दाढेपाशी सुरू होतो.

सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एक नवी दाढ येते. ती कोणत्याही दाताच्या जागी येत नाही. तिच्यासाठी काही हलत नाही, काही पडत नाही, त्यामुळे आईवडिलांच्या लक्षातही येत नाही. आलीच लक्षात, तर ‘दुधाची आहे, पडेल’ म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात ही पहिली कायमची दाढ असते आणि ती जन्मभर पुरवायची असते. तिच्या चघळण्याच्या पृष्ठभागावर खोल, अरुंद खाचा असतात. त्यांतल्या काही इतक्या बारीक, की ब्रशचा एक केसही आत शिरत नाही. अन्नाचा कण मात्र बरोबर जाऊन बसतो. वर या वयातल्या मुलाला मागच्या दाढांपर्यंत ब्रश नीट नेताही येत नाही. म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या तोंडात किडलेली कायमची दाढ शोधली, तर ती बहुतेक वेळा हीच निघते.

यावरचा उपाय सुईविना, ड्रिलविना आणि भुलीविना होतो. दाढ स्वच्छ करून कोरडी करायची, तिच्या खाचांवर थोडा वेळ सौम्य आम्ल लावून धुवायचे आणि मग पातळ राळ ओतून निळ्या प्रकाशाने ती घट्ट करायची. या उपचाराला सीलंट म्हणतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या माहितीनुसार, मागच्या दातांची 80 टक्के कीड सीलंट दोन वर्षांपर्यंत रोखते. किडलेल्या दाढेचे रूट कॅनॉल करून वर कॅप बसवायला जेवढा खर्च येतो, त्याच्या तुलनेत सीलंटचा खर्च किरकोळ असतो. तरीही मराठी घरांतून ‘सीलंट लावून द्या’ अशी मागणी क्वचितच होते, कारण दुखत नसताना दाढ दाखवायला कोणी जातच नाही. मूल सहा वर्षांचे झाले, की त्याला उजेडात आ करायला लावून मागे नवी दाढ दिसते का ते पाहावे. एवढे एक काम प्रत्येक घराने केले, तरी पुढच्या पिढीच्या कितीतरी दाढा वाचतील.

दुधाचे दात पडणारच आहेत, मग कशाला जपायचे, हा प्रश्नही तर्काला धरून वाटतो. पण दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. वेळेआधी उपटाव्या लागल्या तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट उरत नाही. शिवाय दुखऱ्या दाताचे मूल नीट जेवत नाही, झोपत नाही. झोपताना दुधाची बाटली तोंडात ठेवण्याची सवय इथे सर्वांत घातक. झोपेत लाळ कमी होते आणि दुधातली साखर वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहते. पहिला दात दिसला, की ब्रशची वेळ झाली असे समजावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते.

फ्लोराइडचे नाव काढले, की महाराष्ट्रात दोन चित्रे एकमेकांत मिसळतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पिणाऱ्यांच्या हाडांवर आणि सांध्यांवर परिणाम होतो. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, आणि दुसरी सोय नसेल तर दीड. त्यापलीकडचे पाणी धोक्याचे, आणि त्या गावांना शुद्ध पाणी मिळायलाच हवे. इतकी वर्षे ते का मिळत नाही, हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला पाहिजे. पेस्टची गोष्ट निराळी. ती दाताला लावून थुंकायची असते, आणि भारतात पेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा 1000 पीपीएम अशी कायद्याने ठरलेली आहे. हे प्रमाण ट्यूबवर छापलेले असते, ते वाचावे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच.

फ्लोराइडचा दातांशी संबंध उलगडला तोही डागांमधूनच. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे 1901 साली फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला स्थानिकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. हे डागाळलेले दात फारसे किडत नाहीत, हेही त्याच्या ध्यानात आले. त्यामागे पाण्यातले फ्लोराइड आहे, हे 1931 साली सिद्ध झाले. योग्य मात्रा सापडल्यावर 1945 साली मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली आणि तिथे पुढे जन्मलेल्या मुलांच्या दातांची कीड 60 टक्क्यांहून अधिक घटली.

पेस्टचा फायदा हवा असेल, तर एक सवय मोडावी लागेल. दात घासून झाले, की खळखळून चार चुळा भरायच्या, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. त्या चुळांबरोबर फ्लोराइडही मोरीत जाते. फेस थुंकावा आणि पाण्याने धुवू नये. रात्री झोपण्यापूर्वी तरी एवढे जमवावे. दुखण्याची वाट न पाहता दवाखान्यात वर्षातून दोनदा फ्लोराइडचे वॉर्निश लावून घेणे मुलांना फार उपयोगाचे ठरते. ते ब्रशने काही मिनिटांत लावून होते आणि लाळ लागताच चिकटून बसते.

आता मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना लावायची. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः बायकांमध्ये, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ‘मशेरीने दात घट्ट राहतात’ हा समज इतका मुरलेला आहे, की व्यसन म्हणून तिच्याकडे कोणी पाहतच नाही. दुखणे थोडा वेळ दबते, हे खरे. पण ती तंबाखू आहे. तिने हिरड्यांचा आजार वाढतो, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि ती सुटता सुटत नाही. मुंबईत गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने कमी वजनाची जन्मली, असे त्यात आढळले, आणि त्या तंबाखूत मोठा वाटा मशेरीचाच होता. दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने 1992 सालीच बंदी आणली. घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीपर्यंत तो कायदा पोहोचत नाही. तिथे सुनेने सासूशी आणि आशाताईंनी बायकांशी बोलणे, हाच उपाय उरतो.

वरची दाढ काढली की नजर जाते, हेही अजून ऐकू येते. वरच्या दातांची संवेदना पाचव्या मेंदू-मज्जातंतूच्या एका शाखेतून जाते; दृष्टीचा तंतू दुसरा, तो वेगळाच. दोहोंचा मार्ग निराळा. गरोदरपणात बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, हाही असाच समज. दातांतले कॅल्शियम असे निघत नाही. त्या काळात संप्रेरकांमुळे हिरड्या पटकन सुजतात आणि उलट्यांमधल्या आम्लाने इनॅमल मऊ पडते, म्हणून उलटीनंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश अर्ध्या तासाने करावा. गरोदरपणी दातांचे उपचार टाळण्याचे कारण नाही. चौथ्या ते सहाव्या महिन्यातला काळ त्यासाठी सर्वांत सोयीचा.

तपासणी किती दिवसांनी करायची, याचे एकच एक उत्तर नाही. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही मुदत मोठ्या माणसांसाठी तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत असते आणि अठरा वर्षांखालच्यांना वर्षापलीकडे जाऊ देत नाहीत. कोणाला किती, हे त्याचे तोंड पाहून ठरते. खर्चाची भीती असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये आणि मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय यांच्या बाह्यरुग्ण विभागात खासगीपेक्षा कितीतरी कमी दरात उपचार होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी करतात, त्यात दातही पाहतात. त्यांनी पुढे दाखवायला सांगितले असेल, तर मुलाचे दुखत नाही म्हणून तो कागद बाजूला ठेवू नये. ज्या दाढेसाठी त्यांनी पाठवलेले असते, ती अनेकदा सहाव्या वर्षी आलेली, कायमचीच असते.